अंग धरण्याचे वय



१९५२ साली लंडन येथे ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेत आपल्या उंचीच्या गटात पहिले आलेले मनोहर आइच उंचीने जेमतेम चार फूट अकरा इंच होते. १९१२ मध्ये तत्कालीन बंगालच्या कोमिल्ला भागात त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी त्यांना काळा आजार झाला आणि त्यांची प्रकृती पार ढासळली. दुखण्यातून उठल्यावर या मुलाने जोर, बैठका, पोटाचे व्यायाम असे उपकरणांवाचून करता येणारे प्रकार नेमाने सुरू केले आणि गेलेली शक्ती हळूहळू परत मिळवली. १९४२ साली ते हवाई दलात दाखल झाले. तेथे एका ब्रिटिश अधिकाऱ्यावर हात उगारल्यामुळे त्यांना तुरुंगवास घडला. तुरुंगातही त्यांचा व्यायाम चालूच राहिला, आणि त्यांची चिकाटी पाहून तेथील अधिकाऱ्यांनी त्यांच्यासाठी वेगळ्या आहाराची व्यवस्था केली. १९५१ च्या स्पर्धेत ते दुसरे आले आणि पुढच्याच वर्षी पहिले. वयाची शंभरी ओलांडून २०१६ साली ते निवर्तले. उतारवयात त्यांच्या प्रकृतीचे रहस्य विचारले असता भात, डाळ, मासे, भाज्या, फळे आणि दूध एवढीच यादी पुढे येई.

या चरित्रातून आजच्या विषयाचे सार निघते. रोगाने खंगलेल्या मुलालाही शरीर कमावता आले. त्यासाठी व्यायाम लागला. व्यायामाला अन्नाची जोड लागली. आणि ते अन्न बंगालमधील कोणत्याही बऱ्या घरात शिजणारे होते. आज शहरांतूनच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतूनही व्यायामशाळा निघाल्या आहेत. सोळा-सतरा वर्षांची मुले तेथे मोठ्या संख्येने जातात. त्यांपैकी पुष्कळांच्या मनात आहाराविषयी जो गोंधळ असतो, त्याची किंमत केवळ पैशात मोजावी लागते असे नाही. कधी ती मुलाच्या प्रकृतीने मोजावी लागते, तर कधी त्याच घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी ताटाने.

काडीपैलवान

सोळा-सतरा वर्षांचा, पाच फूट सहा इंच उंचीचा, पन्नास किलो वजनाचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. वर्षा-दीड वर्षात तो ताडमाड वाढला आहे. मनगटे बारीक, खांदे अरुंद, छातीच्या फासळ्या मोजता येतील अशा. वर्गातील मुले त्याला काडीपैलवान म्हणतात, आणि घरी येणारा प्रत्येक नातेवाईक ‘याला काही खायला घालता की नाही?’ असे त्याच्या आईला विचारतो. मुलगा त्यावर काही बोलत नाही. पण आरशासमोर उभा राहतो तेव्हा त्याला तीच वाक्ये आठवतात.

या मुलाला प्रथम एक गोष्ट समजावून सांगणे अगत्याचे आहे. मुलग्यांमध्ये उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ साधारणतः तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. काहींच्या बाबतीत तो दोन वर्षे अलीकडे असतो, काहींच्या बाबतीत दोन वर्षे पलीकडे. आधी हाडे लांब होतात आणि स्नायू त्यांच्या मागून भरतात. स्नायूंचे आकारमान व बळ यांच्या वाढीचा वेग उंचीच्या वेगानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षभरानेही, कमाल पातळी गाठतो. मधल्या काळात मुलगा किडकिडीत दिसतो, त्याचे हातपाय त्याचेच नाहीत असे वाटते. हा दोष नव्हे. बांधकामातील एक टप्पा आहे. ज्याचे वडील आणि काका विशीपर्यंत सडपातळ होते, तो मुलगाही बहुधा उशिराच अंग धरतो. प्रौढांसाठी वापरले जाणारे वजन-उंचीचे प्रमाण या वयाला जसेच्या तसे लावता येत नाही. त्यासाठी वयानुसार तयार केलेले वाढीचे तक्ते पाहावे लागतात.

तथापि सर्वच कृशता निरुपद्रवी असते असे मात्र नाही. वजन वाढत नाही यापेक्षा असलेले वजन घटते आहे हे लक्षण अधिक गंभीर होय. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री सुटणारा घाम, ही क्षयाची चिन्हे असू शकतात. पुष्कळ तहान आणि वारंवार लघवी होऊन वजन उतरत असेल तर मधुमेहाची शंका घ्यावी लागते. भरपूर खाऊनही वजन घटणे, हात थरथरणे, छाती धडधडणे या गोष्टी गळ्यातील अवटू ग्रंथीच्या विकाराकडे बोट दाखवतात. वारंवार होणारे जुलाब, पोट फुगणे, फिकटपणा यांमागे जंत असतात किंवा काही जणांच्या बाबतीत गव्हातील प्रथिन न सोसण्याचा विकारही असतो. जंतांच्या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात घेऊनच २०१५ पासून देशभर एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना जंतनाशक गोळी देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला जात आहे. यांपैकी कोणतेही लक्षण असेल तर आहाराचा विचार नंतरचा, आधी डॉक्टर.

व्यायाम मागणी करतो, अन्न पुरवठा करते

स्नायू म्हणजे काय? ताज्या स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते आणि सुमारे एक पंचमांश प्रथिने. या प्रथिनांचे सूक्ष्म तंतू एकमेकांवर सरकले की स्नायू आखडतो आणि वजन उचलले जाते. नेहमीपेक्षा जास्त भार पडला की हे तंतू अधिक जाड करण्याची सूचना शरीराला मिळते, आणि पुढील एक-दोन दिवस नवी प्रथिने घडवण्याचे काम अधिक वेगाने चालते. हा भार जोर-बैठकांनी देता येतो, मल्लखांबाने देता येतो, लोखंडी वजनांनीही देता येतो. योग्य मार्गदर्शनाखाली, झेपेल तेवढेच वजन उचलले तर त्यामुळे उंची खुंटते या समजुतीत तथ्य नाही. परंतु ज्याने व्यायामच केला नाही त्याने कितीही प्रथिने खाल्ली तरी त्यांचा स्नायू होणार नाही. मागणीच नसेल तर गोदामात माल आणून काय उपयोग?

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखादा मुलगा पहाटे उठून व्यायामशाळेत जातो, घामाघूम होतो, चहा-बिस्किटांवर कॉलेजला पळतो, दुपारी एखादा समोसा खातो आणि रात्री थकून अर्ध्या जेवणावरून उठतो. तीन महिन्यांनी त्याचे वजन आणखी एक किलो उतरलेले असते. त्याचा निष्कर्ष असा की, आपल्याला प्रथिने कमी पडत आहेत. वास्तविक त्याला अन्नच कमी पडत असते.

हा फरक समजून घेण्यासाठी आपल्या देशातील आहारविज्ञानाच्या इतिहासाकडे वळावे लागते. जगातील कुपोषण हे मुख्यतः प्रथिनांच्या अभावाने होते, असे एके काळी मानले जात असे आणि त्यावर उपाय म्हणून प्रथिनयुक्त पिठे व चूर्णे तयार करण्याच्या मोठमोठ्या योजना आखल्या गेल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम केलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या मताला आव्हान दिले. भारतीय आहाराचा अभ्यास करून त्यांनी दाखवून दिले की, ज्यांच्या पोटात प्रथिने कमी जातात, त्यांच्या पोटात बहुधा एकूण अन्नच कमी जाते. धान्य आणि डाळ यांचे नेहमीचे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिनांची बरीचशी गरज त्यातच भागते.

यामागील कारण सोपे आहे. हृदय, मेंदू, श्वसन, चालणे-बोलणे यांसाठी लागणारी ऊर्जा शरीराला सर्वांत आधी हवी असते. ती धान्य व स्निग्ध पदार्थ यांतून पुरेशी मिळाली नाही, तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळू लागते. घरात सरपण नसले की दारे-खिडक्यांसाठी आणलेले सागवान चुलीत जाते, तशातला हा प्रकार. म्हणून वजन वाढवू इच्छिणाऱ्या सडपातळ मुलाचा पहिला प्रश्न ‘प्रथिने किती?’ हा नसून ‘पोटभर किती वेळा?’ हा असला पाहिजे.

हिशेब

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलग्याला दिवसाला सुमारे ३,३०० कॅलरी आणि सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. हे आकडे साधारण ६४ किलो वजन गृहीत धरून काढलेले आहेत. वजनाशी प्रमाण लावले तर प्रथिनांची गरज दर किलोमागे एका ग्रॅमहूनही थोडी कमी भरते. स्नायू वाढवण्यासाठी नियमित व्यायाम करणाऱ्याला याहून अधिक प्रथिनांचा लाभ होतो. परंतु दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यास स्नायूंच्या वाढीत आणखी भर पडत नाही असे आढळले आहे. म्हणजे पन्नास किलोच्या आपल्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८० ग्रॅम प्रथिने पुष्कळ झाली.

एका दुसऱ्या मार्गानेही हे पडताळून पाहता येईल. महिन्याला एक किलो निव्वळ स्नायू वाढला, ही प्रगती चांगलीच म्हणावी लागेल. त्या एक किलोत प्रथिने असतात सुमारे २०० ग्रॅम. तीस दिवसांत वाटले तर दररोज सात ग्रॅमदेखील होत नाहीत. म्हणजे जवळजवळ एका अंड्याइतके. खाल्लेल्या सर्वच प्रथिनांचा स्नायू होत नाही, त्यांचा मोठा भाग शरीराच्या रोजच्या डागडुजीत खर्च होतो, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्त घ्यावी लागतात. तरी दिवसाला दीडशे-दोनशे ग्रॅम प्रथिनांच्या गोष्टी करणाऱ्यांनी हा छोटा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता हे ८० ग्रॅम येणार कोठून? मांस, मासे व अंडी न खाणाऱ्या घरातले एका दिवसाचे अन्न घेऊ. वजने कच्च्या पदार्थांची आहेत. गहू, तांदूळ, ज्वारी यांपैकी धान्य मिळून ४०० ग्रॅम. त्यातून सुमारे ३८ ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळ व कडधान्ये ८० ग्रॅम. त्यातून १८ ग्रॅम. दूध आणि दही मिळून अर्धा लिटर. त्यातून १६ ग्रॅम. भाजलेले शेंगदाणे ४० ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ. त्यातून १० ग्रॅम. बटाटा धरून भाज्या ३०० ग्रॅम आणि दोन केळी. त्यांतून मिळून सुमारे ७ ग्रॅम. याशिवाय स्वयंपाकातील तेल-तूप ४० ग्रॅम आणि गूळ-साखर ३० ग्रॅम. या साऱ्याची बेरीज ८५ ते ९० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ३,००० कॅलरी एवढी होते. वनस्पतिजन्य प्रथिने दुधाच्या किंवा अंड्याच्या प्रथिनांपेक्षा काहीशी कमी पचतात हे खरे. ती तूट या बेरजेत भरून निघते. ज्या घरी सामिष आहार चालतो, तेथे काम अधिकच सोपे होते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम आणि शंभर ग्रॅम मासळीत किंवा कोंबडीच्या मांसात साधारण वीस ग्रॅम प्रथिने असतात.

यात एकही पदार्थ दुर्मिळ नाही. अवघड आहे ते प्रमाण. बहुतेक सडपातळ मुले ‘आम्ही खूप खातो’ असे प्रामाणिकपणे सांगतात. परंतु तीन दिवस खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद केली तर डाळ वाटीभर नसून पळीभर होती, दूध चहापुरतेच होते आणि सकाळचे जेवण आठवड्यातून चार दिवस झालेच नव्हते, असे आढळून येते.

तांदूळ की गहू?

दक्षिणेत आणि पूर्वेत एक न्यूनगंड वारंवार आढळतो. भात खाणाऱ्यांना बळ येत नाही, त्यासाठी पंजाबचा गहूच पाहिजे, असे म्हटले जाते. या समजुतीलाही इतिहास आहे. निलगिरीतील कुन्नूर येथे संशोधन करणाऱ्या सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९२० च्या दशकात पांढऱ्या उंदरांचे गट करून त्यांना भारतातील निरनिराळ्या समाजांचे आहार खाऊ घातले. शिखांच्या आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. त्यानंतर पठाण, मराठे, गुरखे, कानडी आणि बंगाली यांच्या आहारावरील गटांचा क्रम लागला, आणि मद्रासी आहारावरील गट शेवटचा ठरला. कुन्नूरची हीच प्रयोगशाळा पुढे १९५८ मध्ये हैदराबादला हलवण्यात आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

या प्रयोगाचा अर्थ गहू श्रेष्ठ आणि तांदूळ कनिष्ठ असा घेणे चुकीचे ठरेल. शिखांच्या ताटात कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पोळीबरोबर दूध, लोणी, डाळ, पालेभाज्या आणि प्रसंगी मांसही होते. सर्वांत मागे पडलेल्या आहारात पांढरा तांदूळ पुष्कळ आणि इतर पदार्थ नाममात्र होते. फरक पडला तो सोबतीमुळे. भाताला डाळ, मासे, भाजी आणि दूध यांची सोबत मिळाली तेव्हा त्याच बंगालमधून १९५१ मध्ये मनतोष राय आणि १९५२ मध्ये मनोहर आइच असे दोन ‘मिस्टर युनिव्हर्स’ निघाले.

धान्य आणि डाळ यांच्या सोबतीमागे रसायनशास्त्रही आहे. प्रथिने ही अमिनो आम्लांची साखळी असते आणि त्यांतील नऊ आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. धान्यात लायसिन कमी असते, ते डाळीत मुबलक असते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्य पुरवते. तीन भाग धान्य आणि एक भाग डाळ हे प्रमाण चांगले समजले जाते. आपल्या पूर्वजांना ही नावे ठाऊक नव्हती. पण देशाच्या प्रत्येक कोपऱ्यात त्यांनी ही जोडी जुळवली. तामिळनाडूची इडली, आंध्रचा मुगाचा पेसरट्टू, केरळातील पुट्टू आणि कडला, गुजरातेतील खिचडी, पंजाबचा राजमा-भात, महाराष्ट्रातील पिठले-भाकरी, ही सगळी त्याच नियमाची रूपे होत. बिहारचे सत्तू हे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून कष्टकरी माणूस सकाळीच पितो. सिक्कीमची किनेमा आणि नागालँडची अखुनी हे सोयाबीन आंबवून केलेले पदार्थ आहेत. कर्नाटकातील नाचणीच्या मुद्द्यात कॅल्शियम इतके असते की इतर कोणतेही धान्य त्याच्या जवळपास येत नाही. मुलाने आपल्या घरच्या अन्नाची लाज बाळगण्याऐवजी त्याचे पुरते माप घ्यावे, हेच उत्तम.

भूक थोडी, गरज मोठी

सडपातळ मुलांची खरी अडचण अशी की, त्यांचे पोट लवकर भरते. दोन वेळच्या जेवणात ३,००० कॅलरी बसत नाहीत. म्हणून दिवसाचे तीन जेवणे आणि दोन-तीन खाणी असे भाग पाडावे लागतात. सकाळी उपाशीपोटी बाहेर पडू नये. दुधात कालवलेले सत्तू, दही-पोहे, थालीपीठ, इडली किंवा दोन अंडी आणि पोळी, यांपैकी जे घरी होत असेल ते खावे. दुपारच्या डब्यात एक पोळी अधिक आणि उसळ असावी. व्यायामाच्या तासभर आधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे घ्यावेत आणि व्यायामानंतर अर्ध्या-पाऊण तासाचा काटा पाहत न बसता पुढचे जेवण नीट करावे. दिवसभरात मिळून प्रथिने किती पोटात गेली याला अधिक महत्त्व आहे. रात्री झोपण्यापूर्वी पेलाभर दूध चांगले. भाताच्या पहिल्या घासावर चमचाभर तूप, भाजीत दाण्याचे कूट, ताकाऐवजी दही, असे लहान बदल जेवणाचा आकार न वाढवता त्याचे मोल वाढवतात.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो या गतीने वजन वाढले तर पुरे. त्याहून वेगाने वाढणारे वजन बहुधा चरबीचे असते. वजन वाढवायचेच आहे म्हणून बेकरीचे पदार्थ, तळलेले वडे आणि साखरेची पेये यांवर भर देणाऱ्या मुलाचे दंड बारीकच राहतात आणि पोट तेवढे सुटते.

लोहाकडेही लक्ष द्यावे. स्नायू आणि रक्त वाढण्याच्या वयात लोहाची गरज वाढते, आणि ते कमी पडले तर मुलाला जिना चढताना धाप लागते. मग तो व्यायाम कसा करणार? पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी, मांस यांतून लोह मिळते. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी. शाकाहारी मुलाने दूध-दही वगळू नये, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व त्याला मुख्यतः तेथूनच मिळते. आणि झोप? या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. गाढ झोपेतच शरीराच्या वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. मध्यरात्रीपर्यंत जागून पहाटे पाचला तालीम करणारा मुलगा एका हाताने कमावतो आणि दुसऱ्या हाताने घालवतो.

डबा आणि ताट

आता त्या मोठ्या डब्याचा प्रश्न. प्रथिनांचे चूर्ण बहुधा चीज तयार करताना उरणाऱ्या निवळीपासून बनवलेले असते. ते विष नव्हे, औषधही नव्हे. दुधाचाच एक वाळवलेला भाग आहे. त्याच्या एका मापातून वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढीच अर्धा लिटर दूध आणि मूठभर शेंगदाण्यांतून मिळतात, आणि त्यांबरोबर कॅल्शियम, स्निग्धांश व ऊर्जाही येते. गरजेहून जास्त घेतलेली प्रथिने साठवून ठेवता येत नाहीत. शरीर त्यांतील नत्र मूत्रावाटे टाकून देते आणि उरलेल्या भागाचे इंधन किंवा चरबी करते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत, शरीर कमावण्यासाठी अशी पूरक चूर्णे टाळावीत, असे स्पष्ट सांगितले आहे.

एका मोठ्या डब्याच्या किमतीत एखाद्या कुटुंबाला कित्येक आठवडे पुरेल एवढे दूध, डाळ आणि शेंगदाणे येतात. सुखवस्तू घरात हा पैसा फुकट गेला तरी कोणी उपाशी राहत नाही. बेताच्या मिळकतीच्या घरात मात्र मुलाच्या हट्टापायी डबा येतो आणि दुधाचा रतीब अर्ध्यावर येतो. तो अर्धा कोणाच्या पेल्यातला असतो? बहुतेक वेळा धाकट्या बहिणीच्या. तिचेही अंग धरण्याचेच वय असते. मासिक पाळीमुळे तिला लोहाची गरज भावापेक्षाही अधिक असते. पण तिच्या कृशतेला कोणी काडीपैलवान म्हणत नाही आणि तिच्या ताटाचा हिशेब कोणी मांडत नाही. भावासाठी आणलेली उसळ आणि दूध दोघांच्या ताटात सारखेच पडले, तर त्या घराने व्यायामशाळेतून खरोखर काही मिळवले असे म्हणता येईल.

यापुढचा धोका याहून भयंकर आहे. चूर्णाने महिन्याभरात फरक पडला नाही की कोणीतरी गोळ्या किंवा सुया सुचवतो. ही पुरुष-संप्रेरकासारखी कृत्रिम द्रव्ये असतात. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यत जिंकलेल्या बेन जॉन्सन या धावपटूचे सुवर्णपदक अशाच एका द्रव्यामुळे काढून घेण्यात आले. प्रौढाच्या बाबतीत त्यांनी यकृत व हृदय यांना अपाय होतो, वृषणे आकसतात. वाढत्या मुलाच्या बाबतीत आणखी एक हानी होते. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या वेळेआधीच बंद होतात आणि उंची कायमची थांबते. ज्या मुलाला मोठे दिसायचे होते, तो कायमचा बुटका राहतो. व्यायामशाळेतील कोणी असे काही सुचवू लागला तर मुलाने ती व्यायामशाळा सोडावी आणि घरी सांगावे. आणि घरच्यांनी न रागावता ते ऐकून घ्यावे.

जुन्या तालमींत या आहाराला खुराक म्हणत. दूध, तूप, बदाम यांची त्यात रेलचेल असे आणि कित्येक पहिलवानांच्या खुराकाच्या कथा ऐकणाऱ्याला थक्क करतात. त्या कथांतील आकडे बाजूला ठेवावेत. पण त्यांतील एक मर्म राखून ठेवण्याजोगे आहे. वस्ताद मुलाला आखाड्यात उतरवण्यापूर्वी त्याची मेहनत आणि त्याचा खुराक यांची सांगड घालून देत, आणि ती महिन्यांच्या नव्हे, वर्षांच्या हिशेबाने पाहत.

बारा वर्षांचा तो कोमिल्ल्याचा मुलगा अंथरुणातून उठला तेव्हा त्याच्यापुढे लंडनचा मंच नव्हता. होते ते थोडे जोर, थोड्या बैठका आणि समोरचे भाताचे ताट. त्यानंतर मंचापर्यंत पोहोचायला जवळजवळ अठ्ठावीस वर्षे लागली. आपल्या सडपातळ मुलाला एवढे थांबावे लागणार नाही. वर्षभर त्याने नेमाने व्यायाम केला, वेळेवर झोप घेतली आणि आईने वाढलेले ताट रिकामे करून आणखी अर्धी पोळी मागितली, तर पुढच्या दिवाळीला गेल्या दिवाळीचा सदरा त्याच्या खांद्यात घट्ट होईल. मग तो सदरा धाकट्या भावंडाला द्यावा, आणि त्याच्याही ताटाकडे एकदा पाहावे.